कुणाची हाक?

माणसाने रानात पाऊलही टाकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या रानात प्रत्येक कळपाची धोक्याची हाक वेगळी होती. एकाची दुसऱ्याला कळत नसे, आणि वाघाचं त्यावर छान चाललं होतं.

टिपकी हरिणीचं पाडस असंच गेलं. शेंड्यावरच्या हुप्प्या वानराने वाघ पाहिला होता, तो ओरडलाही होता; पण ती ओरड तिला कळलीच नाही. डोळे पुसून ती हुप्प्याच्या झाडाखाली गेली. “दादा, सगळ्या रानाची एकच हाक ठरवू या. तुमचीच घेऊ. ती लांबवर जाते.”

“आणि फुकट वाटू? ज्याला हवी, त्याने रोज मोहाची फुलं आणावीत!”

एका दुपारी बिबट्या त्याच्याच झाडावर मागून चढला. टिपकीने जिवाच्या आकांताने हाक दिली. ‘हरणांचं काहीतरी असेल,’ म्हणून हुप्प्या फुलं चघळत राहिला. पंजा बसला तेव्हा कुठे त्याने उडी मारली. शेपटीचा शेंडा मात्र गेला.

तो टिपकीसमोर येऊन बसला. “बाई, बोलवा सगळ्यांना. हाक शिकवतो. फुलं नकोत. खालचं मला दिसत नाही, ते तुम्हीच ओरडून सांगा.”

मग वाघ निघाला की टिपकी हुप्प्याने शिकवलेलं ‘खॅक!’ करी, सांबर ते उचली, मोर पुढे नेई. वाघाआधी हाकच पाणवठ्यावर पोचे.

उपाशी वाघ शेवटी चवताळला. “ही हाक आहे तरी कुणाची? आधी त्यालाच खातो!”

“खॅक!” चहूबाजूंनी सगळं रान एकदम ओरडलं. त्यात टिपकीचा आवाज सगळ्यात मोठा होता.