बारावं नाव

"एक तरी नाव चुकलंय का, अण्णा? एक तरी?"

प्रसन्न उगारेनं मोबाइल पुढं धरला. पडद्यावर वर बारा नावं होती, खाली आठ.

अण्णांनी मोबाइलकडं पाहिलं नाही. ते मैदानात उकिडवे बसून लाल मातीतले खडे वेचत होते. वेचलेले खडे धोतराच्या ओच्यात पडत होते.

आदगोंडा मगदूम, म्हणजे अण्णा. वय अडुसष्ट. कृष्णाकाठच्या एका जुन्या मठाच्या आवारात त्यांनी अख्खा जन्म कबड्डी शिकवण्यात घालवला होता. लग्न केलं नाही, मठातली खोली सोडली नाही. आता एका व्यावसायिक संघानं त्यांना प्रशिक्षक नेमलं होतं आणि संघाचं शिबिरही याच आवारात भरलं होतं. वीस खेळाडू आले होते. संध्याकाळी त्यातले बारा राहणार होते. आठ घरी जाणार होते.

आणि प्रसन्न?

तो एके काळी याच मातीत अण्णांच्या हाताखाली तीन वर्षं खेळलेला. खेळ जेमतेम होता, पण डोकं तल्लख. पुढं त्यानं खेळ सोडला आणि खेळाबद्दल लिहायला लागला. हंगाम सुरू होण्याआधी संघाची अंतिम यादी तो वर्तवायचा. चार वर्षं त्याचं एकही नाव चुकलं नव्हतं. लोक आधी त्याची यादी वाचायचे, मग संघाची. काही जण तर संघाची वाचायचेही नाहीत.

आता संघमालकांनी त्याला निवड समितीत जागा देऊ केली होती. अट एकच होती. अण्णांनी होकार द्यायला हवा.

"काल रात्री टाकली ही यादी," प्रसन्न म्हणाला. "पन्नास हजार लोकांनी वाचली. तुम्ही मनातल्या मनात लावून बघा. तुमची आणि माझी एकच निघेल."

अण्णांनी आणखी एक खडा उचलला.

"खालच्या आठातलं शेवटचं नाव वाच."

"बिराप्पा कोळेकर. डावा कोपरा."

"पुढं काय लिहिलंयस?"

"'गुडघा संपला. नक्की बाहेर.'"

"हं..."

अण्णा उठले. ओच्यातले खडे कुंपणापलीकडं टाकले, हात झटकले.

"त्याच्या खोलीत जाऊन ये."

प्रसन्न गेला. ओवरीतल्या चौथ्या खोलीत पाच खाटा होत्या. चार खाटांवर पसारा पडलेला. पाचवी रिकामी. तिच्यावर संघाचा पोशाख घडी घालून ठेवला होता. घडी अशी काटेकोर, की कुणी शाळेत बक्षिसासाठी घालावी.

तो परत आला.

"गेला?" त्यानं विचारलं.

"सकाळी. जतची गाडी धरायला फाट्याकडं जाताना पोरांनी बघितलं. कुणाला काही बोलला नाही."

"म्हणजे..." प्रसन्नच्या तोंडून निघून गेलं, "माझा अंदाज बरोबरच आला."

अण्णांनी पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं.



"चार वाजता त्याची आणि साहिल मुजावरची चाचणी ठेवली होती," अण्णा म्हणाले. "डाव्या कोपऱ्याची. त्या दोघांतलं एक नाव मी अजून लिहिलेलं नाही."

प्रसन्नची मान खाली गेली.

"घेऊन ये त्याला."

"आणतो. पण काय सांगून आणू? तुमच्या मनात त्याचं नाव आहे, असं सांगू?"

"माझ्या मनात काय आहे, तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग तेच सांग."

मठापासून फाटा तीन किलोमीटर. प्रसन्ननं मोटरसायकल काढली. जतची गाडी साडेअकराची, आणि अकरा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. मध्ये उसाचे दोन ट्रॅक्टर आडवे आले. एकाच्या बाजूनं त्यानं गाडी जवळजवळ चरातून काढली. आजवर किती जणांच्या नावापुढं आपण 'नक्की बाहेर' लिहिलं, हे त्याला आठवेना. आत राहिलेल्यांची नावं तेवढी पाठ होती.

फाट्यावर एसटी उभी होती. इंजिन चालू होतं.

तो मोटरसायकल तशीच टाकून आत चढला. मधल्या बाकावर, खिडकीशी, मांडीवर पिशवी घेऊन बिराप्पा बसला होता. सत्तावीस वर्षांचा रुंद खांद्यांचा गडी. पण तिथं तो लहान दिसत होता.

"बिराप्पा."

त्यानं मान वळवली. ओळखलं.

"या साहेब. आणि काय लिवायचं ऱ्हायलंय?"

"अण्णांनी बोलावलंय."

"कशाला?"

"चारला चाचणी आहे."

"अन् तुमच्या यादीचं काय?"

प्रसन्ननं समोरच्या बाकाची दांडी धरली. वाहकानं घंटी मारली. गाडी हलली.

"माझा गुडघा तुमी कवा बघितला, साहेब?"

"व्हिडिओ बघितले होते..."

"कवाचे?"

"गेल्या हंगामाचे."

"आपरेशन त्याच्यानंतर झालं." बिराप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "सहा महिनं रोज माळावर पळालोय. मेंढरं मागं ऱ्हायची, मी पुढं. हितं शिबिरात सगळ्यांनी बघितलं. तुमी आलाच न्हाई बघायला."

गाडीनं वेग घेतला.

"बायकोनं वाचलं सकाळी. फोन आला. म्हणली, या घरी, लोकांनी हसायच्या आत या..." तो थांबला. मग वळून त्यानं सरळ प्रसन्नच्या डोळ्यांत पाहिलं. "एकच सांगा. हाय का माझं नाव?"

'आहे' म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द, की हा माणूस पिशवी उचलून धावत सुटला असता. प्रसन्नच्या ओठांवर तो शब्द आलाही.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"तुमाला माहीत न्हाई?"

"नाही."

"काल तर 'नक्की' लिवलं हुतं."

"लिहिलं होतं... माहीत तेव्हाही नव्हतं."

बिराप्पा त्याच्याकडं बघत राहिला. आजूबाजूचे दोन-तीन प्रवासीही बघत होते. प्रसन्नच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता आणि त्यानं तो पुसला नाही.

शेवटी बिराप्पा उठला. वरच्या दोरीला हात घातला आणि घंटी वाजवली.

ते उतरले तोवर फाटा दोन किलोमीटर मागं पडला होता. दोघं चालत निघाले. बिराप्पा पुढं, प्रसन्न मागं. फाट्यावर मोटरसायकल आडवी पडली होती ती बिराप्पानंच उभी केली.

चार वाजता वीसही जण मैदानाभोवती उभे होते.

चाचणी साधी होती. जोतिराम, संघाचा पहिला चढाईपटू, चढाईला येणार. समोर बचावाला सात जण. त्यातले सहा तेच राहणार, फक्त डावा कोपरा बदलणार. पाच वेळा साहिल, पाच वेळा बिराप्पा. जोतिरामला कोण किती वेळा धरतो, एवढंच बघायचं.

"प्रसन्न," अण्णांनी हाक मारली. "मध्यरेषेवर उभा राहा. रेषेला हात लागला की नाही, ते तू सांगायचं."

"मी?"

"तू लांबून बघतोस ना नेहमी. आज जवळून बघ."

साहिल आधी उतरला. एकवीस वर्षांचं सडसडीत पोरगं, चपळ. त्यानं पाचात तीनदा जोतिरामला धरलं. भोवती टाळ्या झाल्या.

मग बिराप्पा.

पहिल्या चढाईत जोतिराम त्याला शिवून निघून गेला. दुसऱ्या चढाईतही. रिंगणात कुणीतरी खोकलं. गुडघ्याकडं सगळ्यांची नजर होती.

तिसऱ्या वेळी बिराप्पानं घोटा धरला. जोतिराम तोंडावर आपटला.

चौथ्या वेळी पुन्हा धरलं.

पाचव्या वेळी जोतिराम उजवीकडं झुकला आणि डावीकडं वळला. बिराप्पा फसला नाही. दोन्ही हातांनी मांडी कवटाळून त्यानं त्याला असं खाली आणलं, की धुळीत दोघं दिसेनात.

तीन-तीन.

"एकेक चढाई आणखी," अण्णा म्हणाले.

साहिलनं ती पकडली. आता बिराप्पानं पकडली नाही, तर खेळ तिथंच संपत होता.

प्रसन्न रेषेवर ओणवा झाला होता. आपली यादी चुकावी, असं आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, तो देवाला विनवत होता.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

जोतिराम आला. डाव्या कोपऱ्याकडं पाय टाकला, मागं घेतला. पुन्हा टाकला. बिराप्पा हलला नाही. जोतिरामनं तिसऱ्यांदा पाय टाकला, आणि बिराप्पानं झेप घेतली. घोटा पंजात सापडला. बाकीचे धावले, वर पडले. जोतिराम खालून सरपटत, नखांनी माती खरवडत रेषेकडं हात ताणत होता. एक वीत. चार बोटं. दोन...

दम संपला. आवाज थांबला.

सगळे जागच्या जागी थिजले. मग सगळ्यांच्या नजरा प्रसन्नकडं वळल्या.

त्यानं पाहिलं होतं. जोतिरामचं मधलं बोट रेषेला लागलं होतं, आणि दम त्यानंतर सुटला होता. नखाएवढी जागा. प्रसन्नखेरीज कुणालाही ते दिसलं नसावं. एवढ्या धुळीत कुणाला दिसणार?

'नाही लागलं' म्हटलं असतं तर बरोबरी होती. खेळ पुढं गेला असता. कालची चूक फिटली असती.

"बोल," अण्णा म्हणाले.

प्रसन्ननं रेषेकडं पाहिलं, मग बिराप्पाकडं.

"बोल की."

"मला... नीट..."

"साहेब." धुळीतून बिराप्पाचा आवाज आला. तो अजून पालथाच होता, जोतिरामचा घोटा धरून. "सांगा की. लागलंय. हितनं मला दिसतंय, रेषेची फक्की पुसलीया."

प्रसन्न सरळ उभा राहिला.

"सांगा. तुमीच सांगायचं हाय."

"लागलं," प्रसन्न म्हणाला.

कुणी टाळी वाजवली नाही. बिराप्पानं घोटा सोडला. उठून त्यानं आधी जोतिरामला हात देऊन उभं केलं, मग साहिलपाशी गेला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. साहिल रडत होता, कशासाठी ते त्याचं त्यालाही कळत नसावं.

अण्णांनी खिशातून कागद काढला. अकरा नावं लिहिलेली होती. बारावं त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि कागद प्रसन्नच्या हातात दिला.

"वाच. मोठ्यानं."

त्यानं वाचलं. बारा नावं. त्याचीच बारा नावं होती, एकही इकडची तिकडं नाही. पण काल मोबाइलवर ती लिहिताना पाच मिनिटं लागली नव्हती, आणि आज समोर उभ्या असलेल्या आठ जणांच्या तोंडाकडं बघत वाचताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा बिराप्पा निघाला. पिशवी जोतिरामनं घेतली होती, ती तो देईना. बाकीचे एकोणीसच्या एकोणीस जण फाटकापर्यंत आले. साहिलनं वाकून नमस्कार केला, तेव्हा बिराप्पानं त्याला घोटा धरताना अंगठा कुठं ठेवायचा ते पुन्हा एकदा करून दाखवलं.

तो अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तो प्रसन्नपुढं आला.

"तुमचं बरोबर आलं, साहेब."

त्यात टोमणा नव्हता. असता तर प्रसन्नला सोपं गेलं असतं.

"गुडघा शाबूत आहे तुझा," तो कसाबसा म्हणाला.

"मला ठाव हाय," बिराप्पा म्हणाला आणि हसला. त्यानं फोन काढून कानाला लावला. "निघालोय गं. न्हाई, न्हाई झालं... एका बोटानं ऱ्हायलं. आल्यावर सांगतो सगळं. पोरं बी आल्याती सोडायला. ऐक की, ऐक..."

बोलत बोलत तो फाटकाबाहेर पडला. जोतिराम पिशवी घेऊन त्याच्यामागं.

प्रसन्नच्या खिशात मोबाइल थरथरत होता. संघाची यादी जाहीर झाली होती आणि लोक अभिनंदन करत होते. पाचव्या वर्षीही बारापैकी बारा! मालकांचाही निरोप आला होता: अण्णांचा होकार घेतलास का?

त्यानं मोबाइल बंद केला.

अण्णा पुन्हा मैदानात उकिडवे बसले होते. ज्या जागी बोट टेकलं होतं, तिथं ते रेषेवर नवी फक्की ओढत होते.

प्रसन्न त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"अण्णा, यादी तीच राहिली."

"हं."

"एक नाव बदललं नाही. तो सकाळी जात होता, आत्ताही गेलाच."

"हं..."

"मग मला त्याला परत आणायला का लावलंत?"

अण्णांनी हात थांबवला. रस्त्यावर बिराप्पा अजून दिसत होता, फोनवर बोलत, हातवारे करत, ताठ चालीनं.

"सकाळी तो पळून चालला होता," अण्णा म्हणाले. "आता घरी चाललाय."