पत्र्याचं पाणी

निवृत्त फौजदार रंगराव घाटगे यांच्या पत्र्याचं पाणी शेजारच्या मारुती शिंप्याच्या दारात पडायचं. त्यावरून नऊ वर्षं दावा चालला होता. शेवटी न्यायाधीशांनी दोघांना कोर्टातल्याच मध्यस्थीच्या खोलीत पाठवलं. तिथे मध्यस्थ होत्या वकील कोळपेबाई.

मारुती टेबलापलीकडे बसला. रंगराव मात्र दाराशीच उभे राहिले. म्हणाले, "बाई, मी फौजदार माणूस. एक पाऊलसुद्धा मागे घेणार नाही."

"मागे कशाला घेता, साहेब?" कोळपेबाई शांतपणे म्हणाल्या. "मारुतीराव समोर बसलेत. एक पाऊल पुढे या."

रंगराव मिशीतल्या मिशीत हसत पुढे आले आणि त्यांनी खुर्ची ओढली. "पन्हळ बसवतो मी," ते म्हणाले.

मारुती लगेच म्हणाला, "शिडी आमची घ्या, साहेब. मी धरतो खाली."