शोणनगरच्या भट्ट्यांचा धूर

पूर्वी शोणनगरात वीरबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे महामंत्री होते. त्या जन्मी त्यांचे नाव पुण्यरक्षित. वीरबाहूने धाकट्या भावाला हाकलून गादी बळकावली होती, आणि तो भाऊ रंगाऱ्यांच्या आळीतले तरणे पुरुष सोबत घेऊन नदीपलीकडे तळ ठोकून बसला होता. घरातच असे भांडण, पण व्यापार मात्र जोरात. दोन्ही सैन्यांना तंबू हवेत, झेंडे हवेत. शोणनगरचे तांबडे कापड देशोदेशी जाऊ लागले, श्रेष्ठींच्या, म्हणजे बड्या व्यापाऱ्यांच्या, घरांवर मजले चढले आणि दरबारात जो तो भरभराटीच्याच गप्पा मारू लागला.

त्या नगराची एक रीत होती. सुगीनंतर महामंत्र्याने संध्याकाळी बुरुजावर चढून चुलींचा धूर पाहायचा. सगळ्या आळ्यांतून धूर निघत असला तर 'सुकाळ' म्हणायचे. मग राजकोठारातले धान्य परदेशी विकायला राजा मोकळा. अंधार पडेपर्यंत मंत्र्याने तो शब्द उच्चारला नाही, तर कोठार लोकांसाठी उघडायचे.

त्या वर्षी सर्वांत दाट धूर रंगाऱ्यांच्या आळीतून निघत होता. दरबारी खूश झाले. पण बोधिसत्त्व सकाळीच त्या आळीत जाऊन आले होते. तिथे रेवती नावाची बाई रंगाच्या कढईखाली लाकडे सारत होती. तिने काही त्यांना ओळखले नाही.

"बाई, स्वयंपाक झाला का?" त्यांनी विचारले.

"कसला स्वयंपाक, बाबा? लाकडं सगळी भट्टीला लागतात. आणि चूल पेटवली तरी तिच्यावर ठेवू काय? पोरांना पाणी पाजून निजवलंय."

संध्याकाळी बुरुजावर राजा स्वतः आला.

"बोला, मंत्री. धूर दिसतोय ना?"

"दिसतोय, महाराज. तो भट्ट्यांचा आहे. चुली थंड आहेत."

"कशाचा धूर ते रीत विचारत नाही. धान्य विकलं नाही तर सैन्य पोसू कशावर? भाऊ उद्याच नदी ओलांडेल. माझं राज्य तुमच्या एका शब्दावर अडलंय."

"त्या पोरांचं जेवणही त्याच शब्दावर अडलंय, महाराज."

राजाचे भय खोटे नव्हते, हे बोधिसत्त्वांना कळत होते. म्हणूनच 'सुकाळ' न म्हणणे त्यांना जड गेले. मग त्यांचा बालमित्र, राजाचे धान्य परदेशी विकून देणारा श्रेष्ठी धनगुप्त, वर आला. "तुझ्या हट्टापायी मी रस्त्यावर येईन," एवढेच बोलून तो खाली उतरला. त्याने मागे वळून पाहिले नाही. बोधिसत्त्वांना फार एकटे वाटले. त्याला हाक मारावी असे मनात आले, पण त्यांनी मारली नाही. अंधार पडला आणि पहारेकऱ्यांनी कोठार उघडले.

त्यांचे मंत्रिपद गेले. धान्य मिळाले नाही म्हणून परदेशी व्यापारी कापडही न घेता निघून गेले, भट्ट्या विझल्या आणि काम बुडाले म्हणून आळीतले रंगारीही त्यांच्याच नावाने बोटे मोडू लागले. ते नदीकाठी एका झोपडीत राहू लागले. ओळखीची माणसे दुसऱ्या वाटेने जात.

घरी धान्य पोचल्याची बातमी नदीपलीकडे गेली. पोटासाठीच तिकडे गेलेल्या रंगाऱ्यांनी शस्त्रे टाकली आणि ते परत निघाले. सैन्यच उरले नाही, तेव्हा भावाने तह केला. नगरात मिरवणूक निघाली. कोठार उघडणाऱ्या उदार राजाचा जयजयकार झाला. मंत्र्याला बोलवायचे कुणाला सुचले नाही. ते गर्दीच्या कडेला उभे होते.

रेवती घाईघाईने पुढे येत म्हणाली, "सरका जरा, बाबा. माझा माणूस येतोय."

ते सरकले.

खरे बोलल्यामुळे सोबत्यांनी टाकलेल्या एका भिक्षूला, पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "तो राजा म्हणजे आज आपल्यात बसलेला सोमदत्त. रेवती म्हणजे सकाळी तुझ्या पात्रात भात वाढणारी उपासिका. बुरुजावर मी होतो. आणि मला सोडून गेलेला तो मित्र तू होतास. मी तेव्हाही तुझ्यावर रागावलो नव्हतो. सोबत कुणी नसतानाही जी सत्यनिष्ठा टिकते, तिला सत्यपारमिता म्हणतात."