मुंगसांनी जहाज निवडलं

जहाजं अजून बोलत होती तेव्हाची गोष्ट. वर्षातून एकदाच मिळणाऱ्या सुट्टीसाठी एक मुंगूस जोडपं बंदरावर आलं. धक्क्याला दोन जहाजं उभी होती.

“काय काय दाखवाल?” मुंगूसबाईंनी विचारलं.

“माझ्यात घसरगुंडी आहे, आरसेमहाल आहे, सात स्वयंपाकघरं आहेत...” नवं जहाज सुरूच झालं.

जुनं म्हणालं, “माझे जिने करकरतात, आधीच सांगितलेलं बरं. पण त्या बेटामागे दुपारी डॉल्फिन पिल्लांना घेऊन येतात. तिथे आपण इंजिन बंद करून थांबू.”

मुंगूसराव घुटमळले. “अगं, पण घसरगुंडी?”

“अहो, घसरायला आपल्या बिळाचा उतार आहे की!” बाईंनी बोचकं उचललं.

दुपारी पिल्लं इतकी जवळ आली, की मुंगूसरावांच्या मिशा भिजल्या.

बंदरात नवं जहाज पाचव्या स्वयंपाकघराचं वर्णन करत होतं.