गाभ्यातली ओल

लाकडं अजून एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका बंदरात आंब्याच्या फळ्यांची एक पेटी परदेशी निघाली होती. तिच्या गाभ्यात भुंगेऱ्याची एक अळी राहत होती. पेटी झाड होती तेव्हापासून ती तिथे होती. फांद्या गेल्या, मुळं गेली, तेवढी एकच सोबत पेटीला उरली होती.

लाकडातली कीड परदेशी जाऊ नये म्हणून जहाजावर चढण्याआधी प्रत्येक पेटीला भट्टीत तापावं लागे. अळी घाबरली. "माई, तुझी ओल आत धरून ठेव, म्हणजे आच माझ्यापर्यंत पोचणार नाही. तापल्याचा शिक्का काय, बाहेरूनच मारतात."

पेटीला गलबलून आलं. "धरते," ती म्हणाली.

शेजारी समुद्रापलीकडून आलेली एक जुनी लाकडी चौकट टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "आमच्या डोंगरावरही अशीच एक पेटी आली होती. तिनंही कुणालातरी सांभाळून आणलं होतं. आमच्या झाडांना त्या किड्याशी लढणं ठाऊक नव्हतं. आता तो डोंगर उघडा आहे. पेटी मनानं वाईट नव्हती गं."

भट्टीचं दार लागलं. आच फळ्यांत शिरू लागली.

"माई, तू धरते म्हणाली होतीस!"

पेटीनं ओल सोडली. गाभ्यातून आवाज येईनासा होईपर्यंत ती "मी आहे इथंच" एवढंच म्हणत राहिली.

महिन्याभरानं ती परक्या गावात उतरली. रस्त्याकडेच्या उंच झाडांनी वाकून विचारलं, "तुझ्यासोबत कोण आलंय?"

"कुणी नाही," पेटी म्हणाली.

झाडांनी तिच्यावर सावली धरली.