देवीचे मासे

"म्हणजे माझं पुस्तक खोटं, असंच म्हणायचंय ना तुला?"

रेवतीने उत्तर तयार ठेवलं होतं. गाडीत बसल्यापासून ते ती मनात घोकत होती. पण ऐन वेळी त्यातले दोनच शब्द बाहेर पडले.

"...हो, सर."

आचार्य टिपणिसांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बस. उभ्याने कुणाचं पुस्तक खोटं पाडू नये. पाय दुखतात."

रेवती ओट्यावर बसली. मांडीवर जाडजूड प्रबंध होता. त्याच्या पहिल्या पानावर मार्गदर्शकाच्या सहीची जागा रिकामी होती आणि ती सही टिपणीसच करू शकत होते. सही झाली नाही, तर रेवती नाखवाच्या इतक्या वर्षांच्या कष्टांवर पाणी पडणार होतं.

आता अडचण कसली, ते सांगायला हवं. आचार्यांनी उभ्या आयुष्यात एकच मोठं पुस्तक लिहिलं, आणि ते या गावावर. सह्याद्रीच्या कुशीतलं हे कोंडवशी गाव. गावाखाली नदीचा खोल डोह, त्याला इथे कोंड म्हणतात. कोंडाच्या काठी देवीचं देऊळ आणि पाण्यात हातभर लांबीचे महाशीर मासे. नदीत वर-खाली हा मासा औषधालाही उरलेला नाही, पण या कोंडात माणसाच्या सावलीलाही तो भीत नाही. गावाने पाचशे वर्षं हे मासे देवीचे मानले आणि कुणी त्यांना हात लावला नाही, असं आचार्यांनी लिहिलं. पुस्तकाने नाव काढलं. प्राणिशास्त्रवाले ते वाचत, समाजशास्त्रवाले वाचत, धर्माचे अभ्यासकही वाचत. निवृत्त झाल्यावर आचार्य इथेच येऊन देवळाच्या धर्मशाळेत राहिले.

आणि आता त्यांची शेवटची विद्यार्थिनी त्याच धर्मशाळेच्या ओट्यावर बसून सांगत होती, की हे सगळं चूक आहे.

खरं सांगायचं तर रेवतीला भीती वाटत होती, तसा आनंदही होत होता. गुरूची चूक सापडण्याचा आनंद फार गोड असतो. तो लपवायला ती फारशी धडपडतही नव्हती.

"पुरावा?" आचार्य म्हणाले.

"पहिला पुरावा माशांचाच. कोंडात धरून प्रत्येकाच्या शेपटीच्या पराचा कणभर तुकडा घेतला, मासा परत सोडला. प्रयोगशाळेत तपासलं. हे सगळे मोजक्या चार माशांची लेकरं-नातवंडं आहेत, सर. पाचशे वर्षं कुणी हात लावला नसता तर इतकं जवळचं नातं निघालं नसतं. मध्ये कधीतरी कोंड जवळजवळ रिकामा झाला होता. आणि तोही अलीकडेच."

"साथ आली असेल. पूर आला असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून म्हाताऱ्या माणसांकडे गेले."

"काय म्हणाली?"

"आधी काहीच बोलत नव्हती. मग मी त्यांच्याबरोबर भात लावला, लग्नांत वाढायला उभी राहिले. मग हळूहळू बोलायला लागली. वैशाखात पाणी उतरलं की अख्खा गाव कोंडात उतरायचा. झाडाची साल कुटून पाण्यात टाकायचे, मासे झिंगून वर यायचे. घरोघरी कालवण. गावजेवणच ते."

आचार्य पुढे सरकले.

"आणि देवी?"

"देवीचा नैवेद्य काय होता माहितीये, सर? कोंडातला पहिला मासा. जागराच्या गाण्यात बाया अजून म्हणतात, आईला कोंडातला मासा आवडतो. गाणं तसंच राहिलं, ताटात मात्र नारळ आला."

"मी ते गाणं ऐकलंय."

"सगळ्यांनीच ऐकलंय."

हे जरा लागेल असं बोललं गेलं. रेवतीला कळलं, पण बाण सुटला होता. आचार्यांनी नुसती मान हलवली.

"मग हे सगळं थांबलं कधी?"

"चाळीसेक वर्षांपूर्वी."

"कुणी थांबवलं?"

हाच प्रश्न यावा म्हणून ती वाट पाहत होती. तिने पाण्याचा घोट घेतला. उगाचच, जरा वेळ लावायला.

"शहरातून एक तरुण संशोधक आला होता. गळ्यात कॅमेरा, पायांत बूट. त्याआधी तो दुसऱ्या एका गावी राहून आला होता. तिथल्या डोहात खरोखरच मासे धरत नाहीत. इथलं देऊळ बघितलं, पाणी बघितलं, तळाशी उरलेसुरले मासे बघितले आणि देवळापाशी बसलेल्या माणसांना विचारलं, 'हे देवीचे मासे ना? तुम्ही धरत नसाल ना?'"

आचार्यांचा चेहरा हलला नाही.

"विठाबाई कळंबे तेव्हा नवी सून होती. तिचं बोलणं जसंच्या तसं सांगते. 'सायेब यवढ्या लांबून आला, त्याला न्हाय कसं म्हनायचं? म्हनलं, व्हय, देवीचंच. मंग एकदा देवीचं म्हनल्यावर खायाचं कसं?'"

...

खाली नदीचा आवाज येत होता. देवळातली घंटा कुणीतरी एकदा वाजवली आणि निघून गेलं.

"तो संशोधक कोण, ते विचारलंस?"

"विचारलं, सर."

"काय म्हणाली?"

"'टिपनीस मास्तर,' म्हणाली. 'आन कोन?'"

आता काय होईल याचे रेवतीने कितीतरी अंदाज बांधले होते. सर चिडतील. सर गप्प होतील. म्हातारपण पुढे करतील, अजून वर्षभर काम कर म्हणतील आणि सही तशीच लोंबकळत ठेवतील. असे गुरू तिने पाहिले होते. त्यांच्यासाठी तिच्याकडे मुद्दे तयार होते.

आचार्य हसायला लागले.

आधी गालातल्या गालात, मग खांदे हलवून, मग असे खदखदून की ठसका लागला. रेवतीने घाईने तांब्या पुढे केला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला, डोळे पुसले आणि पुन्हा हसले.

"एकदा देवीचे म्हटल्यावर खायचे कसे... अगं, हे वाक्य माझ्या सगळ्या पुस्तकाला भारी आहे."

ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, पण उठले. भिंतीला टेकलेल्या आरामखुर्चीकडे त्यांनी बोट दाखवलं. त्या खुर्चीत त्यांच्याखेरीज कुणी बसल्याचं कोणत्याच विद्यार्थ्याने पाहिलं नव्हतं.

"तिथे बस."

"सर, नको..."

"बस म्हणतो ना."

ती अवघडून खुर्चीच्या कडेवर टेकली. आचार्य स्वतः ओट्यावर, तिच्या जागी बसले.

"ते पुस्तक इतक्या लोकांनी वाचलं. पोरांनी पाठ केलं, मोठमोठ्यांनी दाखले दिले. इथे येऊन भात लावत बसायचं कुणाच्या मनात आलं नाही. तुझ्या आलं. नवी आवृत्ती निघणार आहे. पहिल्याच पानावर छापायला सांगतो, या पुस्तकातली चूक रेवती नाखवा यांनी शोधली. आणि तुझ्या प्रबंधातलं माझं नाव गाळायचं नाही. माझा प्रश्न, माझा कॅमेरा, माझे बूट, सगळं राहू दे."

रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकायला आली होती आणि जिंकली होती. पण समोरच्याला हरल्याचा इतका आनंद होईल, हे तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं. तिने नाक ओढलं आणि प्रबंध पुढे केला.

आचार्यांनी पेन उघडलं. पण पहिल्या पानाकडे न वळता त्यांनी शेवटचं पान काढलं. चष्मा सारखा करून ते मोठ्याने वाचू लागले.

"'सबब, कोंडवशीची ही परंपरा खोटी ठरते.' ...हे तपासलंस?"

"तोच तर निष्कर्ष आहे, सर. सगळं तपासून काढलेला."

"सगळं तपासलंस, ते दिसतंच आहे. मी हे वाक्य म्हणतोय."

"ते कसं तपासायचं?"

"सोपं आहे. परंपरा खोटी, म्हणजे कोंडातला मासा आणि बाजारातला मासा सारखाच. बरोबर?"

"...बरोबर."

"मग एक धरून आण."

थट्टा असावी, असं रेवतीला वाटलं. पण आचार्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, भूक होती.

"टिपणिसांच्या घरात माशावाचून दिवस जात नसे. इथे येऊन मी डाळीवर दिवस काढतोय. दुपारी कालवण करू. तू तर कोळ्याची पोर. तुझ्या पिशवीत गळ असतो, मला माहीत आहे."

तो होताच. रेवती कुठेही गेली तरी तिच्या पिशवीच्या कप्प्यात गळ आणि दोर असे. बापाने लावलेली सवय. चालता येण्याआधी तिला मासा धरता येत होता, असं तिची आई सगळ्यांना सांगायची.

"गावातल्यांनी बघितलं तर?"

"गाव रानात गेलाय. मी पाठ करून बसतो. कुणीही बघणार नाही. मासा आण, सही घेऊन जा."

यात अवघड असं काहीच नव्हतं. तिने आचार्यांच्या डब्यातून कणकेचा गोळा मळून घेतला आणि ती घाटाच्या पायऱ्या उतरली. आचार्य मागून आले, वरच्या पायरीवर बसले आणि खरोखरच नदीकडे पाठ करून डोंगराकडे बघू लागले.

रेवतीने गळाला कणीक लावली.

सकाळच्या उन्हात तिची सावली पाण्यावर पडताच मासे वर आले. देवळात येणारे टाकतात त्या कुरमुऱ्यांची सवय. तांबूस खवल्यांचे, जाड ओठांचे, एकमेकांना ढकलणारे. एकजण तर इतका जवळ आला की गळाची गरज नव्हती, हातानेच उचलता आला असता. यातले कितीतरी तिच्या ओळखीचे होते. त्यांच्या परांवर तिनेच घेतलेल्या तुकड्यांच्या खुणा होत्या.

तिने हात उचलला.

देवी कोपेल? छे. देवीला हाच मासा आवडत होता, हे तिनेच तर सिद्ध केलं होतं. गाव बघेल? गावात चिटपाखरू नव्हतं. पाप? तिच्या घरी मासा हे अन्न होतं, पोट भरणारं, लग्न लावून देणारं, तिला शिकवणारं. दया तरी कसली? काल रात्री ती पापलेट खाऊनच निघाली होती.

एकही कारण उरलं नाही. तिने एकेक करून सगळी खोडून काढली. हा तर तिचा हातखंडा होता.

हात तसाच वर राहिला.

मासा पाण्यात तोंड उघडून वाट बघत होता. तो तिला ओळखत होता असं नाही, त्याला भीती माहीत नव्हती एवढंच. पण चाळीस वर्षं ती त्याला कुणी माहीत होऊ दिली नव्हती. नवी सून असलेल्या विठाबाईने नाही, झाडाची साल कुटणाऱ्या म्हाताऱ्यांनी नाही, भुकेच्या दिवसांतही नाही. आणि हे सगळं कुणाच्या तरी चुकीच्या प्रश्नाला भिडेखातर दिलेलं उत्तर खरं करायला. इतकं मोठं काहीतरी आपल्या डोळ्यांसमोर होतं आणि आपण त्याला एका शब्दात मोडीत काढून मोकळ्या झालो, हे तिला तिथे, ओल्या पायरीवर उभं असताना कळलं. आणि कळल्याचा तिला राग आला नाही. उलट हसू आलं.

तिने गळाची कणीक काढली, चुरली आणि पाण्यात टाकली. पाणी उसळलं. गळ तिने खिशात टाकला.

पायऱ्या चढून ती वर आली.

"मिळाला?" आचार्यांनी न वळता विचारलं.

"नाही, सर."

"लागला नाही?"

"टाकलाच नाही."

"का?"

रेवतीने तोंड उघडलं. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला तीन-तीन कारणं असत. आता एकही सापडेना.

"...धरवला नाही."

आचार्य वळले. तिच्या रिकाम्या हातांकडे त्यांनी जितक्या समाधानाने पाहिलं, तितक्या समाधानाने त्यांनी भरलेल्या ताटाकडेही कधी पाहिलं नसेल. मग प्रबंध मांडीवर घेतला, पहिलं पान काढलं आणि भलीमोठी, पार समासात शिरणारी सही केली.

"प्रबंध उत्तम आहे. असा माझ्या हाताखाली दुसरा झालेला नाही."

रेवती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. पेन त्यांच्या हातातून घेऊन तिने शेवटच्या पानावरचं शेवटचं वाक्य खोडलं. एक रेघ, मग त्यावर आणखी एक. तिला फार हलकं वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत असेल याची तिला लाज वाटत नव्हती.

"पण सर, इथे आता काय लिहू? परंपरा खरी, हे तर लिहितेच. पण ती कधीची? पाचशे वर्षांची नाही, हे नक्की."

"नक्की."

"मग चाळीस वर्षांची लिहू?"

आचार्यांनी नाही म्हणून मान हलवली. गुडघ्यांवर हात ठेवून ते उठले आणि डाळ शिजत टाकायला धर्मशाळेकडे निघाले. दोन पायऱ्या चढून थांबले.

"आज सकाळची लिही."