वारूळ कोणी बांधले

माळावर अजून रस्ता नव्हता, तेव्हाची गोष्ट. तिथल्या वारुळात वाळव्यांची शाळा होती आणि मृदाबाई पिल्लांना लाळेत माती मळून भिंत रचायला शिकवीत.

पुढे त्या वारुळात नाग राहायला आला आणि गावातल्या बायका दूध-लाह्या घेऊन पूजेला येऊ लागल्या. तेव्हापासून वाळव्यांच्या पाठ्यपुस्तक समितीला वारूळ बांधण्याचा जुना धडा खटकू लागला.

"हे वारूळ नागोबांच्या फूत्कारातून उभे राहिले, असे लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ते आले तेव्हा वारूळ बांधून झाले होते," मृदाबाई म्हणाल्या. "ते इथे राहतात, एवढे लिहू. ते खरे आहे."

"आणि लाळ? देवस्थानात लाळ शोभते का, बाई?"

"शोभत नसेल. पुढची भिंत कशाने बांधायची, तेवढे मात्र सांगा."

समितीने मृदाबाईंची बदली तळातल्या अळंबीच्या मळ्यात केली. पिल्लांनी नवा धडा तोंडपाठ केला.

एका दुपारी म्हशीने वारुळाला अंग घासले आणि भिंतीला भगदाड पडले. माती कोसळल्याचा आवाज खाली मृदाबाईंनी ओळखला. वर मुंगळ्यांची रांग आत वळली होती.

"भगदाड बुजवा," नाग म्हणाला.

"आपण फूत्कार टाकावा, महाराज," वर्गात पहिली आलेली वाळवी अदबीने म्हणाली. "आम्ही हात जोडून उभ्या आहोत."

नागाने मुंगळ्यांकडे पाहिले आणि मनापासून फूत्कार टाकला. उरलेली मातीही उडाली.

"आधीच्या बाई कुठे आहेत?" त्याने विचारले.

मृदाबाई मागेच येऊन उभ्या होत्या. परंतु तोंडात माती मळत असल्यामुळे त्यांना उत्तर देता आले नाही.